ठेवून घेतलेली चूक

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा नोकरीतल्या प्रशिक्षणासाठी पुण्याहून म्हैसूरला आला आणि चार महिने आमच्याकडे राहिला. त्याच्या सामानात एक चपटं, चंदेरी यंत्र होतं. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८१ साली काढलेल्या टीबी-३०३ या यंत्राची ही अलीकडची स्वस्त नक्कल, असं त्यानं सांगितलं. टीबी म्हणजे ‘ट्रान्झिस्टर बेस’. एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला बेसच्या साथीला माणूस मिळाला नाही, तर त्याची जागा यंत्रानं भरून काढावी, अशी मूळ कल्पना. पण त्यातून निघणारा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा नव्हताच. यंत्र फारसं खपलं नाही आणि १९८४ साली त्याचं उत्पादन थांबलं.

माझं माहेर मिरजेचं. सतारमेकरांच्या गल्लीतून शाळेत जायचे, त्यामुळे वाद्य म्हणजे भोपळा, तार आणि लाकडाचा वास, असं डोक्यात बसलेलं. हे वाद्य जेवणाच्या टेबलावर ठेवून बटणं दाबून ‘भरायचं’ असतं. त्यात सोळा घरं असतात. मला आपली तीनतालाच्या सोळा मात्रांची आठवण झाली. भरायची रीत मात्र विचित्र आहे. आधी फक्त स्वर भरायचे, एकामागून एक, काळाचा विचार न करता. कुठल्या स्वरावर जोर द्यायचा, कुठला पुढच्यात घसरत न्यायचा, हेही तेव्हाच सांगायचं. मग यंत्राला दुसऱ्या अवस्थेत न्यायचं आणि त्याच सोळा घरांसाठी फक्त काळ भरायचा: इथे स्वर वाजेल, इथे आधीचा लांबेल, इथे विश्रांती. दोन्ही याद्या यंत्र स्वतः जुळवतं. आपण स्वर आणि काळ वेगळे करून कधी गुणगुणत नाही, त्यामुळे भरताना पुढे काय ऐकू येणार आहे याचा अंदाजच येत नाही.

मी भूपाली भरायला घेतला. पाचच स्वर, चुकणार काय? पण काळाच्या यादीत एका जागी ‘स्वर’ऐवजी ‘विश्रांती’ दाबली गेली. त्या जागचा स्वर हरवला नाही, पुढच्या घरात सरकला. त्याच्यामागून सगळेच एकेक घर सरकले आणि शेवटचा बाहेर पडला. वाजवल्यावर जे ऐकू आलं त्यात स्वर तेच होते, पण गंधाराची जागा गेली होती आणि सगळं वजन धैवतावर येत होतं. संगीत शिकलेल्यांना हे नवीन नाही. त्याच पाच स्वरांत वजन धैवताकडे गेलं की संध्याकाळचा भूपाली सकाळचा देसकार होतो. माझा काही धड देसकारही झाला नव्हता, पण ऐकायला छान वाटत होतं. भाच्यानं वरचं एक बटण हळूहळू फिरवलं, तसा बंद दारामागून कुणी दार उघडत यावं तसा आवाज धारदार होत गेला.

“मावशी, भारी झालंय. ठेव हे.”

“अरे, चुकून झालंय.”

“मग काय झालं? कुणाला कळणारे?”

त्याला काही ठाऊक नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवर काही नसताना तिथे उभी राहिले.

गोष्ट अशी, की माझ्या नावावर एक फार चांगलं मराठी वाक्य आहे आणि ते चुकून झालेलं आहे.

मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. कन्नड मी पंचविशीनंतर, लग्न होऊन म्हैसूरला आल्यावर शिकले. दहा-बारा वर्षांपूर्वी इथल्याच एका ज्येष्ठ लेखिकेचा कथासंग्रह मी मराठीत आणला. त्यातल्या एका कथेत नवरा गावाहून परत येतो. हातपाय धुतो, जेवायला बसतो, बायको वाढते. तो कुठे गेला होता त्याबद्दल तो जे सांगतो, ते ती ऐकून घेते. कथेचं शेवटचं वाक्य: ‘अवळिगे अनुमानवित्तु, केळलिल्ल.’ मी लिहिलं: ‘तिनं अनुमान केलं होतं, विचारलं नाही.’

मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. रोजच्या कन्नडमध्ये अनुमान म्हणजे शंका. शब्द एकच, संस्कृतातून दोन्ही घरी आलेला, आणि दोन्ही घरांत वेगळा वागणारा. कन्नड-मराठी करणाऱ्या कुणालाही हा सापळा पहिल्या वर्षी दाखवला जातो. मलाही दाखवला होता. नंतर मी स्वतः तो इतरांना दाखवलेला आहे. तरी त्या ओळीत माझा पाय त्यात पडला. मला वाटतं, ते वाक्य मराठीत इतकं नेटकं बसलं की मी त्याला काही विचारलंच नाही.

मूळ कथेतल्या बाईला शंका आहे आणि ती विचारत नाही. माझ्या कथेतल्या बाईला कळलेलं आहे आणि ती विचारत नाही. पहिली घाबरलेली आहे, दुसरी वरचढ. मराठीत त्या शेवटाचं कौतुक झालं. एका परीक्षणात त्या बाईच्या ‘निःशब्द अधिकारा’बद्दल एक अख्खा परिच्छेद होता. सोलापूरच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं: माझी आई अशीच होती, तिला सगळं ठाऊक होतं, तिनं कधी विचारलं नाही, तुमच्या त्या ओळीमुळे मला पहिल्यांदा ती दुबळी वाटली नाही. ते पत्र मी जपून ठेवलं. चार-पाच वर्षांनी एका संकलनासाठी कथा पुन्हा मुळाशी ताडून पाहताना मला चूक दिसली. तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि संकलनासाठी दुसरी कथा पाठवून दिली.

त्याच रात्री भाच्यानं मला एक तबकडी ऐकवली, फोनवर. म्हणाला, “हे ऐक, ॲसिड हाऊसचा खरा बाप आपल्या मुंबईचा होता.”

चरणजीत सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्यासारख्यांच्या ध्वनिमुद्रणांत ते वाजवत. या वादकांची आणि संगीत-संयोजकांची नावं तबकडीवर सहसा येत नसत. त्यांत गोव्याहून आलेले कितीतरी जण होते. संगीतकारानं गुणगुणलेली चाल स्वरलेखनात उतरवून पन्नास वाद्यांत वाटून देणं हे त्यांचं काम. मला ते नेहमी आमच्याच जातीचे वाटतात. अनुवादकाचं नावही मुखपृष्ठावर यायला फार वर्षं लागली.

१९८२ साली चरणजीत सिंगांनी रोलँडची तीन यंत्रं जोडली: चाल वाजवायला ज्युपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८ आणि खाली फिरत्या खर्जासाठी टीबी-३०३. त्यांवर ललत, तोडी, मधुवंती, मालकंस, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावानं ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं ती तबकडी काढली. ती चालली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या ‘फ्यूचर’ नावाच्या तरुण मंडळींनी त्याच टीबी-३०३ वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं आणि त्यातून ॲसिड हाऊस हा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पसरला. २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत सिंगांची तबकडी सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले. शिकागोच्या पाच वर्षं आधी हाच आवाज मुंबईत? कुणीतरी आज बनवून जुना म्हणून खपवलेला असावा, असाही संशय घेतला गेला. मग सत्तरीतल्या सिंगांना युरोपात बोलावणी आली. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता ‘बाप’ हा शब्द पाहा. तौलनिक साहित्याच्या पहिल्याच सत्रात आम्हाला दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवलं होतं: प्रभाव आणि साधर्म्य. दोन ठिकाणी सारखं काही उगवलं म्हणजे एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं होत नाही. शिकागोच्या मुलांनी सिंगांना ऐकलेलं नव्हतं. सिंगांनाही ॲसिड हाऊस करायचं नव्हतं. चित्रपटांत डिस्कोची लाट होती, तर तबला बाजूला ठेवून त्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत, इतकंच त्यांच्या मनात होतं, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं. ते कुणाचे पूर्वसूरी झाले ते मागाहून, आपण मागे वळून पाहिल्यामुळे. बोर्हेसनं १९५१ साली काफ्काबद्दल लिहिताना हे मांडलेलं आहे: लेखक आपले पूर्वसूरी स्वतः घडवतो.

हे सगळं समजून घेऊनही मला त्या कौतुकात काहीतरी खुपत राहिलं. ‘काळाच्या पुढे’ म्हटलं की वाटतं आपण मोठा मान दिला. पण त्यात त्या माणसानं जे केलं नाही त्याची पावती दिली जाते आणि जे केलं त्याकडे कुणी पाहत नाही.

सिंगांनी काय केलं, ते मी नंतर बरेच दिवस ऐकत राहिले. टीबी-३०३ ला मींड येत नाही. त्याला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येतं, पण त्या घसरण्याला लागणारा वेळ ठरलेला असतो. जवळ जा, लांब जा, तेवढाच. मींड म्हणजे नेमकं याच्या उलट, किती रेंगाळायचं ते गाणारा ठरवतो. शिवाय यंत्राच्या सप्तकात बारा समान पायऱ्या, म्हणजे तोडीचा अतिकोमल गंधार त्यात नाहीच. याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० पासून सुमारे तीन दशकं पेटीला बंदी घातली होती. आणि आमच्या भागात याच्या उलटा प्रयत्नही होऊन गेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींचा हिशोब मांडून श्रुतींची पेटी बनवून घेतली. त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांना प्रमाण म्हणून लाभला होता. तेच मिरजेचे खाँसाहेब, ज्यांचं म्हैसूर दरबारात येणं-जाणं होतं. देवलांनी रागासाठी यंत्र वाकवायला घेतलं. सिंगांनी यंत्र आहे तसं मान्य केलं आणि रागातलं काय सोडायचं ते ठरवलं. आलाप सोडला, श्रुती सोडल्या, रेंगाळणं पुष्कळसं सोडलं. चलन धरून ठेवलं. ललतमध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ येतात तेव्हा डिस्कोच्या ठेक्यातही अंगावर काटा येतो. काय सोडायचं हे जाणून सोडणं याला मी अनुवाद म्हणते. एका जाणत्या वादकानं केलेला तो चांगला अनुवाद आहे. त्याला शिकागोच्या दाखल्याची गरज नाही.

शिकागोची हकीकत याहून वेगळी. त्या मुलांनीच सांगितलं आहे की जुनं यंत्र स्वस्तात मिळालं, ते नीट भरायचं कसं हे ठाऊक नव्हतं. यंत्र आपलं काहीतरी वाजवत राहिलं आणि त्यांनी बटणं फिरवली. कटऑफ नावाचं बटण आवाजाचा वरचा तीक्ष्ण भाग किती कापायचा ते ठरवतं, रेझोनन्स कापलेल्या कडेला धार देतं. दोन्ही वाजत्या सुरावर फिरवली की ते यंत्र किंचाळू लागतं. ते त्यांनी ऐकलं आणि ठेवलं.

आपल्याकडे याला घुणाक्षरन्याय म्हणतात. किडा लाकूड पोखरत जातो आणि त्या रेघांतून एखादं अक्षर उमटतं. किड्याला लिहायचं नव्हतं. मग अक्षराचं श्रेय कुणाचं? मला वाटतं, ज्यानं ते अक्षर म्हणून वाचलं आणि लाकूड चुलीत न घालता बाजूला ठेवलं, त्याचं. आपघात कुणाच्याही हातून होतो. ‘हे ठेवू या’ हा निर्णय मात्र माणसाचा असतो. त्या अर्थानं शिकागोच्या मुलांचं श्रेय पूर्ण खरं आहे.

भाच्याचं म्हणणं हेच होतं, आणि कित्येक वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आले. मीही एक चुकून झालेलं अक्षर वाचलं, चांगलं आहे हे ओळखलं आणि ठेवलं. मग माझं आणि त्या मुलांचं कुठे वेगळं आहे?

दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे लाकूड कुणाचं होतं. टीबी-३०३ बनवणाऱ्यांना बेस हवा होता हे खरं, पण त्या यंत्रातून ते कुणाला काही सांगत नव्हते. त्यांचा हेतू मोडला म्हणून कुणाचं बोलणं मोडलं नाही. लेखिका मात्र त्या ओळीतून बोलत होती, आणि माझ्या पुस्तकात ते बोलणं तिच्या नावावर छापलेलं आहे. मी चूक ठेवली ती माझ्या नावावर नाही, तिच्या नावावर. दुसरं म्हणजे त्या मुलांनी हे चुकून झालं असं सांगितलं. त्यांच्या गोष्टीचा तो सगळ्यात आवडता भाग आहे. मी सांगितलं नव्हतं.

सोलापूरच्या बाईंचं पत्र मात्र मला या हिशोबात बसवता येईना. त्यांना त्यांची आई त्या ओळीत दिसली, हे काही खोटं नव्हतं. तशी आई असते, तशा बायका असतात. ओळ दुरुस्त केली तर मी त्यांच्याकडून काय काढून घेते? मला एवढंच सुचलं की त्यांची आई खरी आहे, पण ती त्या कथेतली नाही. कथेतली बाई दुसरी आहे, आणि तीही कुणाची तरी आई असेल. जिला ठाऊक नव्हतं आणि म्हणून विचारता आलं नाही, अशा आईची मुलगी माझं पुस्तक वाचून रिकाम्या हातानं परत गेली असेल. तिचं पत्र मला येणार नव्हतं.

भाचा परत गेल्यावर एका सकाळी मी कुक्करहळ्ळी तलावाला फेरी मारून तशीच सरस्वतीपुरमला लेखिकेकडे गेले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी त्यांना अम्मा म्हणते. कॉफी झाल्यावर सांगितलं, एका दमात.

त्यांनी आधी विचारलं, “मराठीत कसं वाचतं ते?” मी कन्नडमध्ये उलटून सांगितलं: ‘तिनं ताडलं होतं, विचारलं नाही.’

त्या बराच वेळ खिडकीतून खालच्या भाजीवाल्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “वाक्य चांगलं आहे. माझं नाही.” आणि थोड्या वेळानं, “त्या बाईला मरेपर्यंत कळलं नाही गं. तीच कथा होती.”

ती बाई कोण, हे मी विचारलं नाही.

मग आम्ही कामाला लागलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, मराठीत दोन शब्द आहेत, संशय आणि शंका. दोन्ही तुमच्याकडेही आहेत. नवऱ्याच्या बाबतीत संशय जास्त रूढ आहे, पण त्यात दोष देणं येतं. शंका सौम्य. आमच्याकडे शंका ‘फिटते’ असं म्हणतात, कर्ज फिटतं तशी. त्यांना ते आवडलं. म्हणाल्या, “म्हणजे विचारलं असतं तर फिटली असती?” मी हो म्हटलं. “मग शंकाच लिही. म्हणूनच तिनं विचारलं नाही.”

प्रकाशकांकडे पुस्तकाच्या प्रती शिल्लक आहेत, दुसरी आवृत्ती नजीकच्या काळात निघणार नाही. म्हणून हे इथे लिहिण्याची परवानगी मी अम्मांकडे मागितली. त्या म्हणाल्या, “लिही, पण माझं नाव घालू नकोस. नाव घातलंस तर लोक माझी कीव करत बसतील आणि तू सुटशील.” सोलापूरला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

तो संग्रह ज्यांच्याकडे आहे त्यांना कथा ओळखता येईल. कृपया पेन घ्यावं आणि तिची शेवटची ओळ अशी करावी: तिला शंका होती, विचारलं नाही.